काही सांडलं वगैरे नाही ना?

मंगळवार, १४ ऑक्टोबर. पहाटे ५.४० ला जाग. खोकला कालच्यापेक्षा कमी, पण घसा बसलेला. सून सव्वासातला शाळेत गेली. धोब्याकडून चार चादरी आल्या, एकीवर इस्त्रीचा डाग; परत पाठवली. ११.१० वाजता सुनेचा लॅपटॉप आपोआप बंद पडला. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. दुपारी अर्धा तास झोप.

या नोंदीतला खोकला खरा, चादरी खऱ्या, डागसुद्धा खरा. लॅपटॉपचं तेवढं खोटं.

काकू पंधराव्या वर्षापासून डायरी लिहीत होत्या. कॉन्व्हेंटमध्ये असताना एका सिस्टरने सगळ्या वर्गाला कोऱ्या वह्या दिल्या होत्या. बाकीच्या मुलींच्या वह्या आठ-पंधरा दिवसांत बारगळल्या, काकूंची एकसष्ट वर्षं चालू होती. लग्नाच्या दिवशी लिहिलं, मुलगा झाला त्या दिवशी लिहिलं, यजमान गेले त्या रात्रीही चार ओळी लिहिल्या. इमारतीत कुणाचा वाद झाला की लोक थेट काकूंकडे यायचे. पाण्याची टाकी कधी धुतली, लिफ्ट कोणत्या महिन्यात बंद होती, तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू नेमके कधी गेले. काकू वही काढायच्या, पान उलटायच्या, चष्मा नाकावर सारून वाचून दाखवायच्या, आणि वाद मिटायचा. काकूंच्या वहीत आहे म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

त्या मंगळवारी घडलं होतं ते असं. सून शाळेत, मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरात काकू एकट्या. सुनेच्या लॅपटॉपवर काकूंच्या धाकट्या बहिणीने नातीचे फोटो पाठवले होते. फोटो बघता बघता औषधाची वेळ झाली. औषध एका मिनिटानेही पुढे-मागे झालेलं काकूंना चालत नसे. त्या बाटली-चमचा घेऊन तिथेच बसल्या. चमचा भरला, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, आणि चमचाभर खोकल्याचं औषध कीबोर्डच्या मधोमध.

एवढंच झालं असतं तर निभावलं असतं. चार बटणं चिकट झाली असती, बस. पण काकूंच्या हाताला शाळेपासूनचं वळण. डाग पडला की तिथल्या तिथे, आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, आणि तेही तीन वेळा. त्यांनी फडकं भिजवलं, पिळलंसुद्धा नीट नाही, आणि चालू लॅपटॉपवरून मन लावून फिरवलं. प्रत्येक बटणाच्या कडेने. औषध खाली गेलं, त्याच्या मागोमाग पाणी गेलं. तिसऱ्यांदा पुसताना पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

काकूंनी तो कोरडा केला, पंख्याखाली धरला, पुन्हा टेबलावर जिथे होता तिथेच, त्याच कोनात ठेवला. फडकं धुऊन वाळत घातलं. बाटली कपाटात गेली. मग त्या खुर्चीवर बसल्या.

सुनेने तीनदा सांगितलं होतं, "आई, लॅपटॉपजवळ कप-बिप काही ठेवू नका हं." चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. पण हल्ली सून बऱ्याच गोष्टी चांगल्या शब्दांत सांगायला लागली होती. आई, गॅस मी बंद करते, तुम्ही राहू द्या. आई, बँकेत मी जाऊन येते, तुम्ही राहू द्या. त्या 'राहू द्या'ची काकूंना धास्ती बसली होती. एकेक करून सगळंच राहणार, आणि शेवटी त्या नुसत्या खुर्चीत बसून राहणार. म्हणून त्यांनी वही उघडली आणि लिहिलं: आपोआप बंद पडला. अक्षर नेहमीसारखंच आलं, हे त्यांना सगळ्यात जास्त खुपलं.

सून घरी आली, तिने दोन-चारदा बटण दाबलं आणि म्हणाली, "असा कसा आपोआप बंद पडेल? परवा रविवारीच तर ताईंनी उघडून साफ केलाय."

काकू काहीच बोलल्या नाहीत. आणि तिथूनच सगळी गाडी भलत्या रुळावर गेली.

ताई म्हणजे बंद-चालूताई. त्यांना या नावानेच सगळे ओळखत. कारण फोन कुणाचाही असो, पहिला प्रश्न ठरलेला: "बंद करून चालू करून बघितलं का?" निम्मे लोक तिथेच गार व्हायचे. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई. एका हातात पत्र्याचा डबा, खांद्याला कापडी पिशवी. डब्यात स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश, खोडरबर आणि बर्फाचा एक प्लॅस्टिकचा ट्रे. लॅपटॉप उघडला की त्यातला पहिला स्क्रू ट्रेच्या पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात. परत लावताना उलट्या क्रमाने. "माझ्याकडे स्क्रू उरत नाहीत," त्या म्हणायच्या. "ज्याच्याकडे उरतात त्याच्याकडे परत जाऊ नका."

त्या काही शिकून-सवरून या धंद्यात आल्या नव्हत्या. त्यांच्या मेहुण्याचा टायपिंगचा क्लास होता, तिथे त्या टाइपरायटर दुरुस्त करायच्या. रिबन बदल, अडकलेली अक्षरं सोडव, तेल घाल. पुढे टायपिंग शिकायला कुणी येईना. मेहुण्याने यंत्रं भंगारात काढली, आणि नव्या फॅशनचे म्हणून घेतलेले दोन कॉम्प्युटर बंद पडून कोपऱ्यात होते, ते ताईंना म्हणाला, घेऊन जा. ताईंनी त्यातला एक उघडला, दुसऱ्यात बघून बघून पहिला चालू केला. मग पहिल्यात बघून दुसरा. त्याला बावीस वर्षं झाली.

त्यांच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जात. एका डॉक्टरांचा प्रिंटर चालेना. ताई गेल्या तर भिंतीतला प्लग प्रिंटरचा नव्हता, टेबल लॅम्पचा होता. डॉक्टरांना म्हणाल्या, "पेशंटला तपासायच्या आधी तो जिवंत आहे का बघता ना?" एक निवृत्त वकील, पासवर्ड बरोबर टाकूनही घेत नाही म्हणून हैराण, कॅपिटल अक्षरांचं बटण दाबलेलं. एका काकांचा माउस काचेच्या टेबलावर भिरभिरायचा. ताईंनी त्याच्याखाली एक जाड वही सरकवली आणि चहा पिऊन निघाल्या. कुणाचा कॉम्प्युटर मुंगीच्या पावलाने चालायचा, कारण त्यात सुप्रभातची अकरा हजार फुलं साठवलेली असायची. ताई ती फुलं मालकाच्या हाताने पुसायला लावायच्या. "मी नाही पुसणार. उद्या म्हणाल, माझा गुलाब गेला."

पण हसण्या-खिदळण्याच्या आत एक शिस्त होती. यंत्राला हात लावायच्या आधी त्या एक लांबट वही काढायच्या आणि विचारायच्या, "बंद पडण्याआधी शेवटचं काय झालं?" समोरचा जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायच्या आणि तपास तिथून सुरू करायच्या. कोणी म्हणालं वीज गेली होती, तर आधी वायर, चार्जर, बॅटरी. कोणी म्हणालं गरम व्हायचा, तर आधी पंखा. "मी गिऱ्हाइकाच्या शब्दावर चालते," त्या सांगायच्या. "तो म्हणाला उजवीकडे, तर मी उजवीकडे शोधणार."

मंगळवारी संध्याकाळी ताई आल्या. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, वही काढली.

"हं, काय झालं?"

"मी शाळेत होते," सून म्हणाली. "आईंना विचारा."

"काकू?"

काकूंनी घसा साफ केला. "आपोआप बंद पडला. अकरा दहाला."

"अकरा दहाला! वा. माझी सगळी गिऱ्हाइकं काकूंसारखी असती तर मी आतापर्यंत बंगला बांधला असता." ताई लिहीत होत्या. "त्या वेळी कोणी वापरत होतं?"

"नाही."

"काही सांडलं वगैरे नाही ना?"

हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायच्या. विचारताना त्यांनी मान वरही केली नव्हती. काकूंना वाटलं, हीच वेळ आहे. जीभ उचलली तर दोन शब्दांत काम होईल. सून शेजारीच उभी होती, हाताची घडी घालून, घड्याळाकडे बघत.

"नाही," काकू म्हणाल्या. "मी वहीतही लिहिलंय."

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

"मग झालंच," ताई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत लिहिलं: काही सांडलं नाही.

मग त्यांनी चार्जर काढून चालू-बंदचं बटण तीस आकडे मोजत दाबून धरलं. आत साठून राहिलेली वीज निघून जाते म्हणाल्या. काही नाही. आपला चार्जर लावून बघितला. बाहेरचा पडदा जोडून बघितला. मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवली, मेमरीची पट्टी काढली, तिचे पिवळे दात खोडरबराने घासले, परत बसवली. यंत्र ढिम्म. ताईंच्या कपाळावर हळूहळू आठ्या चढल्या. रविवारी आपणच बसवलेल्या पंख्याकडे त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या.

"रविवारी चांगला चालू होता ना हो?" त्यांनी सुनेला विचारलं.

"चालू होता. तुम्ही उघडायच्या आधी तर अगदीच चालू होता," सून म्हणाली.

बोलणं वाकडं नव्हतं म्हटलं तर नव्हतं. पण ताईंचा चेहरा पडला. त्यांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला. "घेऊन जाते. तुमच्या प्रश्नपत्रिका आधी काढून देते, त्याची काळजी करू नका."

प्रश्नपत्रिकांची काळजी होतीच, कारण सून मुख्याध्यापिका होती. पण खरं अडलं होतं दुसरीकडे. शाळेच्या कॉम्प्युटरच्या वर्गात बत्तीस यंत्रं होती आणि सात वर्षं ती ताईच सांभाळत होत्या. दर वर्षी ऑक्टोबरात त्या कामाचं नवं पत्र निघायचं. या वर्षी संस्थेच्या लोकांनी एका मोठ्या कंपनीचं नाव सुचवलं होतं आणि सुनेने आतापर्यंत ताईंची बाजू लावून धरली होती. शुक्रवारी तिला सही करायची होती. ताईंचं घर चालायचं ते या शाळेवर; काचेच्या टेबलावरच्या माउसने कुणाचं घर चालत नाही.

हे काकूंना सगळं ठाऊक होतं. पत्राची गोष्ट सुनेने जेवताना सांगितली होती आणि काकूंनी ती तारखेनिशी लिहूनही ठेवली होती.

बुधवारी ताईंनी सगळ्या फाइली एका पेन ड्राइव्हवर घालून शाळेत पोचवल्या. एकही हरवली नव्हती. लॅपटॉपचं मात्र काही सांगितलं नाही. काकू दिवसभर फोनच्या आसपास घुटमळत राहिल्या. दोनदा त्यांनी ताईंचा नंबर काढला. एकदा घंटीही वाजली, आणि त्यांनी फोन ठेवून दिला. बुधवारच्या पानावर त्यांनी हवामान लिहिलं, भाजी लिहिली, आणि पान अर्धं कोरं सोडलं. त्यांच्या वहीत अर्धं पान कधी कोरं राहत नसे.

गुरुवारी संध्याकाळी ताई हात हलवत आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"मॅडम, माझ्याच हातून काहीतरी झालंय," त्या सुनेला म्हणाल्या. "रविवारी पंखा काढताना कुठेतरी धक्का लागला असणार. दोन दिवस भिंग लावून बघतेय, सापडत नाही. काही सांडलं नाही, कुणी वापरत नव्हतं, मग राहिलं कोण? मीच."

"असं होतं कधीकधी," सून म्हणाली. मग थोडं थांबून, "ताई, राग मानू नका, पण तुम्ही चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

"घेतला. वाढलाय." ताई हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "आणि हातही पूर्वीसारखा राहिला नाही बहुतेक. काल मी नुसता हात समोर धरून बघत होते, कापतोय का. तेव्हा शाळेचं काम... तुम्ही त्या कंपनीला देऊन टाका. बत्तीस यंत्रं आहेत, पोरांची आहेत. मला आता भरवसा वाटत नाही."

"अहो, एवढं नका..."

"नाही, खरंच. तुम्ही उद्या खुशाल सही करा. माझ्यामुळे तुमची अडचण नको."

काकू दाराशी उभ्या होत्या. जाताना ताईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. "काकू, खोकला बरा आहे का? आवाज अजून बसलेला वाटतो."

काकूंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्या बाईने त्यांच्या शब्दाखातर स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडला होता, आणि वर खोकल्याची चौकशी करत होती.

शुक्रवारी पहाटे काकूंनी मंगळवारचं पान उघडलं. चूक झाली तर खोडरबर वापरायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, बरोबर ते वर लिहायचं, बाजूला सही करायची, ही सिस्टरांची शिकवण. एकसष्ट वर्षांत अशा रेघा पुष्कळ होत्या. कुठे वार चुकला होता, कुठे कुणाचं वय. काकूंनी पट्टी ठेवली, पेन टेकवलं, आणि त्यांच्याने रेघ ओढवेना. रेघ चुकीवर मारायची असते. ही चूक कुठे होती? लिहिताना त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी वही मिटली, इस्त्रीची साडी नेसली, आणि सून शाळेला गेल्यावर दहाच्या सुमारास त्याही बाहेर पडल्या.

ताईंचं दुकान म्हणजे जुन्या टायपिंग क्लासची मागची खोली. पुढे झेरॉक्सवाला. त्याच्या यंत्राच्या बाजूने अंग चोरून आत जायचं. भिंतीवर अजून टायपिंगचा पिवळा पडलेला तक्ता, कुठलं बोट कुठल्या अक्षरावर ते दाखवणारा. लांब बाकावर उघडी यंत्रं, वायरींची वेटोळी, एका डब्यात नुसती कीबोर्डची सुटी बटणं. ताई दिव्याखाली वाकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर सुनेचा लॅपटॉप सगळा सुटा करून मांडलेला होता.

"या काकू," ताई म्हणाल्या. वळून बघितलं नाही. "बसा."

काकू स्टुलावर बसल्या. पदराने चेहरा टिपला. "फार आत आहे हो दुकान."

"हो."

"उजेड कमी वाटतो."

"दिवा आहे."

"मी इकडून जातच होते, म्हटलं डोकावावं."

नेहमी तोंडाचा पट्टा चालू असलेली बाई, तिने आज एका शब्दाचा हात पुढे केला नाही. पुढे झेरॉक्सचं यंत्र कागद ओढत होतं. काकूंनी तक्त्यावरची अक्षरं वाचली, वायरी मोजल्या, आणि बोलायला लागल्या तेव्हा आवाज चिरका निघाला.

"ताई, माझ्याकडून औषध सांडलं होतं. त्याच्यावर. आणि मी ओल्या फडक्याने पुसलं."

"किती वेळा?"

"तीन."

"चालू असताना?"

"चालू असताना."

ताईंनी समोरची हिरवी पाटी, म्हणजे मदरबोर्ड, उचलली आणि उलटी करून दिव्याखाली धरली. कीबोर्डच्या बाजूला एक तपकिरी, तकतकीत ओघळ सुकला होता. त्याच्या काठाने पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती.

"ही बाजू मी बघितलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "हे काढायला अख्खं यंत्र सोडवावं लागतं, म्हणून ते शेवटी. आणि सांडलं नाही म्हणून लिहिलेलं होतं, म्हणून तर अगदीच शेवटी. आज सकाळी काढलं. वास घेतला. माझी आई हेच औषध घ्यायची."

"म्हणजे तुम्हाला..."

"तासापूर्वी कळलं."

"मग तुम्ही मला बोलू कशाला दिलंत?"

"मग कोण बोलणार होतं, मी?" ताई पहिल्यांदा वळल्या. डोळे लाल होते. "काकू, तुम्ही साधं 'हो' म्हणाला असतात ना, तर मी तिथल्या तिथे बॅटरी सोडवली असती, पाटी काढून धुतली असती. स्पिरिट लागतं आणि एक मऊ ब्रश. पाऊण तासाचं काम. तीन दिवस ती साखर आत तांबं खात बसली. ते जाऊ दे, यंत्र आहे, मरतं. पण मी दोन दिवस माझे हात बघत बसलेय. काल भात परतताना वाटलं, कापला की काय. आणि शाळा सोडून आले मी. स्वतःच्या तोंडाने."

काकूंची मान खाली गेली. माफी मागायची म्हणून त्यांनी वाटेत तीन-चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता तोंडातून काढण्यासारखं राहिलं नव्हतं.

"मला वाटलं, सून म्हणेल, आई आता राहू द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

ताईंनी लांबट वही ओढली, मंगळवारचं पान काढलं आणि पेन काकूंच्या पुढे ठेवलं. "इथे लिहा. तुमच्या हाताने. माझ्या वहीत खोटं नको."

काकूंनी लिहिलं. खोकल्याचं औषध एक चमचा, ओलं फडकं तीन वेळा, यंत्र चालू असताना. माझ्या हातून. वेळ ११.०५ ते ११.१०. ठसठशीत, उजवीकडे कललेलं अक्षर. खाली सही केली.

"शाळेत किती वाजता सही आहे?" काकूंनी विचारलं.

"बारा म्हणाल्या होत्या मॅडम."

"मी जाते."

"फोन करा की. उन्हातून कुठे जाता?"

"नाही. फोन ठेवून देता येतो."

मुख्याध्यापिकेच्या खोलीत सून होती, शाळेचे हेडक्लार्क होते, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कंपनीचा माणूस होता. टेबलावर पत्र, पत्रावर पेपरवेट. सासूला दारात बघून सून उभीच राहिली.

"आई? काय झालं? तुम्ही एकट्या आलात?"

"सही केलीस का?"

"नाही अजून. बसा आधी, पाणी..."

"मला बसायचं नाही. लॅपटॉप ताईंनी नाही बिघडवला, मी बिघडवला. औषध सांडलं आणि वर पाण्याने पुसलं. तुला खोटं सांगितलं, त्यांना खोटं सांगितलं, वहीत खोटं लिहिलं."

ओळखपत्रवाल्या माणसाने हेडक्लार्कांकडे बघितलं, हेडक्लार्कांनी छताच्या पंख्याकडे. "मॅडम, मी नंतर येऊ का?" तो माणूस म्हणाला.

"हो. नाही, म्हणजे... तुम्हाला कळवते," सून म्हणाली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. दोघे बाहेर गेले. जाताना दार ओढून घ्यायलाही विसरले नाहीत, आणि त्या हलक्या हाताने ओढलेल्या दाराने काकूंना आणखीच ओशाळं केलं.

सून ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पेपरवेट इकडचा तिकडे करत राहिली.

"मला सांगायचं नाहीत, आई? मी काय केलं असतं?"

"काही नसतं केलंस. चांगल्या शब्दांत बोलली असतीस."

सुनेला ते लागलं. ती हळू म्हणाली, "आणि मी त्यांना चष्मा तपासायला सांगितला."

तिने फोन लावला आणि टेबलावर ठेवला, आवाज दोघींना ऐकू येईल असा. "ताई, मी बोलतेय. आई इथेच आहेत. मी कालचं बोलणं... माझं फार चुकलं हो. आणि सही केलेली नाही. तुम्ही शाळा सोडू नका."

पलीकडून झेरॉक्सच्या यंत्राची खरखर ऐकू आली. मग ताईंचा आवाज. "सोमवारी येते मॅडम. दुसऱ्या रांगेतल्या चार नंबरच्या यंत्राचा पंखा ओरडतोय, तेवढं मुलांना त्याच्यावर बसू देऊ नका."

"हो. आणि घरचा लॅपटॉप?"

"धुतलाय. वाळतोय. एक-दोन भाग गेलेत, ते बदलते. कीबोर्ड नवा लागेल. चालेल असं वाटतंय." मग त्या म्हणाल्या, "तो शाळेतच देईन. घरी नाही येणार, मॅडम. इतक्यात तरी नाही."

"बरं," सून म्हणाली.

काकूंना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. त्यांनी फोनच्या दिशेने थोडं पुढे झुकून बघितलं. पण ताईंनी निरोप घेतला आणि फोन बंद झाला.

परतीच्या वाटेवर सुनेने काकूंचा हात धरला नाही आणि 'सावकाश' असंही म्हणाली नाही. रस्ता ओलांडताना फक्त त्यांच्याबरोबर थांबली. घरी आल्यावर तिने औषधाच्या बाटलीवर तारीख बघितली आणि बाटली होती तिथेच, काकूंच्या कपाटात ठेवली.

संध्याकाळी काकू लिहायला बसल्या. शुक्रवारच्या पानावर त्यांनी सकाळपासूनचं सगळं लिहिलं: दुकान, ओघळ, सही, शाळा, ओळखपत्रवाला माणूस, आणि ताई घरी येणार नाहीत हे. पान पुरलं नाही, म्हणून बुधवारच्या अर्ध्या कोऱ्या पानावर जावं असं एकदा मनात आलं, पण त्यांनी तसं केलं नाही. वेगळा कागद जोडला. त्याच्या तळाशी लिहिलं:

मागच्या बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी तुटली. नवी मी जाऊन आणली, नायलॉनची, सहा मीटर. सुनेने बांधली.